साहेबांचा मान आणि नववं वचन

संपादक महोदय,

मागच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये नोकरीवर संदेश झाला. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 6 वा अध्याय, 5 वं वचन, धन्यांच्या आज्ञेत रहा. छान झाला, पण त्याच अध्यायातलं 9 वं वचन वाचलंच नाही आणि ते मला फार लागलं. त्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मालकांनाच सांगतो, धमकावणं सोडून द्या, तुमचा आणि नोकरांचा धनी स्वर्गात एकच आहे आणि तो पक्षपात करत नाही. आणि हे पत्र लिहिलं तेव्हा नोकर म्हणजे खरोखरचे गुलाम होते हो, त्या काळात मालकाला असं सांगणं साधी गोष्ट नव्हती.

मी रिटायर्ड नर्स आहे. इनचार्ज सिस्टर वॉर्डात आल्या की उठून उभं राहायचं, ड्युटी लावली की कुरकुर करायची नाही, पाठीमागे चहा पिताना त्यांची निंदा करायची नाही, हे मी मनापासून पाळलं कारण काम माणसांसाठी नाही प्रभूसाठी करतोय असं समजून करा हे कलस्सैकरांस पत्रात (3:23) आहे आणि मी ते मानते. पण एका नाईटला इनचार्ज सिस्टरनी मला सांगितलं की चार पेशंटचे बीपी घेतलेले नाहीत, अंदाजाने चार्टवर भरून टाक, सकाळी राऊंड आहे. मी पेशंटसमोर काही बोलले नाही, ड्युटी रूममध्ये जाऊन म्हटलं, मॅडम, न घेतलेलं रीडिंग मी लिहिणार नाही, आत्ता जाऊन घेते, वीस मिनिटं द्या. त्या खूप चिडल्या, पुढचा महिनाभर मला नाईटच लागली. ती मी केली, तोंड वाकडं न करता.

बायबलमधल्या दानीएलाने बाबेलच्या राजाच्या दरबारात असंच केलं. राजाच्या अन्नाने विटाळ नको म्हणून आधी विनंती केली, अधिकाऱ्याला राजाची भीती होती तर त्याच्यावर आवाज चढवला नाही, कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस भाजी आणि पाणी देऊन बघा. आमची पंडिता रमाबाई सुद्धा बघा, 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना मनापासून मानायची, तरी विश्वासाच्या बाबतीत दुसऱ्याने माझ्यासाठी ठरवायचं नाही हे त्यांना पत्रातून स्पष्ट लिहायची.

आजच्या तरुण मुलींना नोकरीत गप्प बसण्याचा सल्ला देताना हे सगळं सांगितलं जात नाही, आणि मुली बिचाऱ्या खोट्या कागदावर सही करून घरी येऊन रडतात. आमच्या मंडळीत कितीतरी प्राचार्य, मेट्रन, ऑफिसर बसलेले असतात. पाळकांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी त्यांच्याकडे बघून ते 9 वं वचनही मोठ्याने वाचा.

- एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर