बर्णबासारखं कुणीतरी हवं

पुणे

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली वाचून बरं वाटलं, पण एका वाक्याशी मी अडलो. "पोरांचं फार कौतुक केलं की ती डोक्यावर बसतात," असं तू लिहिलंस. तरुण संघ तू इतकी वर्षं सांभाळतोयस, म्हणून तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण मला ते पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

जाता जाता पाठीवर थाप मारून "छान झालं हं" म्हटल्याने कुणी बिघडत नाही, आणि कुणाला बळही येत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत एक वयस्क बाई आहेत, निवृत्त नर्स. उपासना सुटली की त्या दाराशी थांबतात. पेटी वाजवणाऱ्या मुलीला त्या एकदा म्हणाल्या, "आज दुसरं गीत खालच्या पट्टीत घेतलंस ना? मागच्या बाकांवरच्या आम्हा म्हाताऱ्यांना शेवटच्या कडव्यापर्यंत गाता आलं बघ." मुलगी लाजली. पुढच्या रविवारी उपासनेआधी तीच त्यांच्याकडे आली आणि विचारू लागली, आजची गीतं कुठल्या पट्टीत घेऊ? आता सांग, ही मुलगी डोक्यावर बसली का? तिचं लक्ष उलट मागच्या बाकांकडे गेलं.

बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय आपण नावांची यादी समजून भराभर उरकतो. यावेळी सावकाश वाच. प्रिस्क आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, मरियेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, रूफाची आई मलाही आईच, असं पौल एकेकाचं नाव घेऊन सांगतो. कुणी काय केलं ते त्याच्या लक्षात आहे, आणि सगळ्या मंडळीसमोर वाचलं जाणार असं ठाऊक असूनही त्याने ते लिहिलं.

पण हा पौल आपल्याला मिळाला कुणामुळे? मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते बर्णबाविषयी. कुप्र (सायप्रस) बेटाचा, लेवी वंशातला हा माणूस, शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवणारा. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. का भिऊ नये? त्यानेच तर माणसं घरातून ओढून तुरुंगात टाकली होती. त्याचा पालट खरा आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्या वतीने बोलला. शौल खोटा निघाला असता तर पहिली मान बर्णबाचीच अडकली असती. मला वाटतं, उत्तेजन देणं म्हणजे हेच: दुसऱ्यासाठी जामीन राहणं.

पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा तो स्वतः तार्सला गेला, शौलाला शोधून काढलं आणि घेऊन आला. दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं. प्रेषितांच्या कृत्यांत आधी 'बर्णबा व शौल' असं येतं, 13व्या अध्यायानंतर बहुतेक ठिकाणी 'पौल व बर्णबा'. ज्याला आपण आणलं तो आपल्यापुढे गेला, याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

मग मार्कचं प्रकरण. पौल आणि बर्णबाच्या पहिल्या सुवार्ता-फेरीत तो पंफुल्याहून अर्ध्यावर परत फिरला होता. पौल म्हणाला, याला पुन्हा न्यायचं नाही. बर्णबा ऐकेना. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला निघाला. मार्क त्याचा भाऊबंद होता, म्हणून बाजू घेतली असं तू म्हणशील. असेलही. पण पुढे पौलच तीमथ्याला लिहितो की मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. दुसरं शुभवर्तमान याच मार्कने लिहिलं, असं मंडळी पहिल्या शतकांपासून मानत आली आहे.

आपल्या नगरच्या टिळकांच्या घरातही हेच दिसतं. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. जिला शाळा ठाऊक नव्हती, तिला नवऱ्याने लिहाय-वाचायला लावलं. 1919 मध्ये टिळक गेले, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य तिनेच पूर्ण केलं. वडिलांच्या आठवणी लिहून दे म्हणून मुलगा देवदत्त मागे लागला, त्यातून 'स्मृतिचित्रे' झाली. याच घरात बालकवींना आसरा मिळाला, आईची माया मिळाली. ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून ती माया आटली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

चुकलं तर सांगू नये, असं माझं म्हणणं नाही. सांगावंच. पण जो आधी माझ्यासाठी झिजला, त्याचंच बोलणं मी मनावर घेतो.

म्हणून आता तुझ्या संघातल्या त्या मुलाविषयी. नाताळच्या कार्यक्रमात वचन वाचताना अडखळला, लोक हसले आणि तेव्हापासून तो आला नाही, एवढंच तू लिहिलंस आणि पुढच्या विषयाकडे वळलास. मित्रा, त्याच्या घरी जा. निरोप पाठवू नकोस, व्हॉट्सॲपवर वचन टाकू नकोस. चहा घे, आईशी बोल, त्याच्या कामाचं विचार. पुढच्या महिन्यातलं शास्त्रवाचन त्यालाच दे आणि आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून दोनदा वाचून घे. कमिटीत कुणी नाक मुरडलं तर सांग, जबाबदारी माझी.

मी उन्हाळ्यात नगरला येतोय, तेव्हा त्याला भेटायचं आहे. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
मित्र