तुमच्या होडीतली ती सकाळ

काका,

काठावर उतरताना मी नुसतं "येतो" म्हणालो आणि निघालो. तुमचे आभार मानायचे राहिले, ते तेव्हापासून मनात आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

त्याआधी सलग दोन वर्षं वसंत लागला की मी पर्च या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे होतो. बर्फ वितळला की होडी काढायची आणि भर उन्हाळ्यात ओढतात तसा स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं धातूचं आमिष) भराभर ओढत राहायचं. हाती काहीच यायचं नाही. तुम्ही माझ्या दोरीला ५ ग्रॅमची जिग (वजन लावलेला गळ) आणि बोटाएवढा रबरी मासा बांधून दिलात. म्हणालात, "पाणी अजून सहा अंशांवर आहे. मासा धावणार नाही, तूच थांब." जिग तळाला टेकली की दोरी सैल पडते, ही खूण तुम्ही दाखवलीत. मग रॉडचं टोक वीतभर उचलायचं आणि जिग पुन्हा खाली जाताना दोरी जेमतेम ताणलेली ठेवायची. मासा बहुतेक वेळा धरतो तो याच उतरणीत. पहिल्यांदा धरला तेव्हा मला कळलंच नाही. दोरी किंचित आडवी सरकली आणि तुम्ही हळूच म्हणालात, "आता."

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तुम्ही मला होडीत पाय ठेवू दिला नाहीत, तेही फार बरं केलंत. इतक्या गार पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात.

पण मनापासून आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर १४ मीटर खोल माशांचा दाट घोळका दिसत होता. इथेच नांगर टाकू, असं मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. पर्चच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला बाहेर वाट नसते. खोलातून झटकन वर आणला की ती फुगते, आणि सोडलेला मासा खाली जाऊच शकत नाही, वरच तरंगत राहतो. "जिथून परत सोडता येईल, तिथेच गळ टाकायचा," एवढंच बोलून तुम्ही होडी काठाजवळच्या ५ मीटर पाण्याकडे वळवलीत.

तिथे ती मादी लागली. हिरवट अंगावर काळे पट्टे, खालचे पर शेंदरी, पोट गाभोळीने टम्म. तुम्ही हात ओले केलेत, पाठीवरचे काटे मागे दाबून तिला धरलंत आणि तोंडाची पातळ कातडी फाटू न देता गळ काढलात. ती क्षणभर तुमच्या हातातच थांबली, मग शेपटीचा एक फटका मारून खाली गेली.

नंतर काही आठवड्यांनी मी तिथे एकटाच गेलो. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांदीवर अंड्यांची फीत लटकत होती, पांढुरकी, जाळीदार, हातभर लांब. ती त्याच मादीची की दुसरीची, कोण जाणे. मी वल्ही वर घेतली आणि बराच वेळ बघत बसलो. तुम्ही शेजारी असायला हवे होतात.

तुमचा,
पुढच्या फळीवर बसलेला