एका दिवसात किती लेणी कोंबणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘सकाळी निघा, रात्री घरी’ हा मुंबईजवळच्या सहलींचा लेख वाचला. रविवारीच लिहिणार होते, पण घरच्यांनी ‘राग शांत होऊ दे’ म्हणून थांबवलं. सोमवार उजाडला, राग आहे तिथेच आहे.

कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर आणि ‘वेळ उरल्यास’ लोणावळ्याचे पॉइंट, हे सगळं एका दिवसात! वेळ उरल्यास! लेखकमहाशयांनी ही सहल स्वतः केली असेल, तर ते राहतात कुठे ते कळवा, पाया पडायला येते. वर ‘मुंबईहून रेल्वेने थेट मळवली गाठावे’ असा सल्ला. अहो, मुंबईच्या एक्सप्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. लोणावळ्याला उतरायचं आणि पुण्याकडची लोकल धरायची. ती येईपर्यंत फलाटावर चहा पीत बसायचं. हा वेळ लेखात कुठल्या रकान्यात धरलाय?

चिडण्याचं कारण एवढंच असतं, तर पत्र लिहिलं नसतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या वन्सं शिरसीहून आल्या होत्या. वय 71, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. शिरसीपासून जवळच बनवासी आहे. जुन्या काळची वैजयंती ती हीच. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या (म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्याच्या) ओसरीत एक शिलालेख आहे, त्यात या वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सेठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे ‘सेलघर’ (दगडातलं घर) उभारून पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असं कोरलंय. (जाहिरात करावी तर अशी. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली तरी उतरवलेली नाही.) वन्संच्या यजमानांनी ती ओळ कधीतरी एका वहीच्या पानावर उतरवून ठेवली होती. ते आता नाहीत. वन्संनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. ‘आमच्याकडच्या माणसाचं नाव तिथे आहे, ते मला एकदा हाताने दाखव,’ एवढंच त्यांचं मागणं.

म्हणून आम्ही तुमच्या लेखासारखंच वेळापत्रक छापणाऱ्या एका सहलवाल्यांची बस घेतली. साडेसहाला मुलुंडहून निघालो. नाश्त्याला एक तास, घाटात वाहनांची रांग, कार्ल्याच्या पायथ्याशी पोचायलाच पावणेअकरा. तिथे गाइड म्हणाला, ‘चढून, बघून, उतरून पन्नास मिनिटं.’ एकवीरेच्या दर्शनाची गर्दी, पायऱ्यांवर हार-नारळाची दुकानं. वन्सं दर वीस पायऱ्यांवर थांबायच्या. वर पोचलो तेव्हा हातात पंधरा मिनिटं उरली होती.

आत पाऊल टाकलं आणि वन्सं गप्पच झाल्या. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्या पाठीवर जोडपी. छताच्या सागवानी कमानी अजून जागच्या जागी. मोठ्या गवाक्षातून येणारा उजेड थेट स्तूपापर्यंत जातो. मग ओसरीत येऊन आम्ही भूतपालला शोधायला लागलो. भिंतीवर अक्षरं पुष्कळ, पण सगळी जुन्या ब्राह्मी लिपीतली. आमच्या कागदावरची देवनागरी. कुठला शिलालेख कुणाचा, हे सांगणारी साधी पाटी आम्हाला दिसली नाही. जवळ उभ्या असलेल्या एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मावशी, देवीचं दर्शन झालं का?’ तेवढ्यात खालून शिट्टी. गाइड शिट्टी वाजवत होता, शाळेच्या सहलीसारखी! वन्संनी कागद परत पिशवीत घातला. म्हणाल्या, ‘असू दे गं, असेल इथेच कुठेतरी.’

आता पुढचं ऐका. चिक्कीच्या दुकानात बस किती वेळ थांबली? एक तास दहा मिनिटं! तिथे शिट्टी नाही, घाई नाही, ‘हवी तेवढी चव घेऊन बघा.’ भाजे बसच्या खिडकीतून: ‘ती वर काळी भोकं दिसतात ना, ती भाजे.’ लोहगड पायथ्यापासून. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडून वर जायला किती वेळ लागतो हे तुमच्या लेखकांना ठाऊक आहे का? 2025 च्या जुलैमध्ये तो जागतिक वारसा यादीत गेल्यापासून बसवाले नाव मोठ्या अक्षरात छापतात, माणसाला वर मात्र नेत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी एका दिवसाला एक जागा लिहा. कार्ले तर कार्लेच. कुठला शिलालेख कुठल्या भिंतीवर आहे, त्याचा छोटा नकाशा छापा. पानभर ‘निसर्गाच्या कुशीत’ छापण्यापेक्षा त्याला जागा कमीच लागेल.

आणखी एक. लेखातला ‘कार्ले येथील चैत्यगृह’ म्हणून छापलेला फोटो भाज्याचा आहे. साधे अष्टकोनी खांब, आत कललेले, हत्तींचा पत्ता नाही, समोर दगडी भिंतही नाही. दोन्हीकडे एका दिवसात जाऊन आलेल्या माणसाला एवढं ओळखू येऊ नये?

फोटोचं निघालंच आहे तर शनिवारच्या शब्दकोड्याचंही सांगते. ‘भिक्षूंचे निवासस्थान’, दोन अक्षरी. मी ‘लेणे’ लिहिलं. रविवारी उत्तर छापलंत ‘चैत्य’. चैत्यात भिक्षू राहत नसत हो, तिथे वंदना करत. त्या एका शब्दापायी माझे उभे तीन शब्द चुकले. दुरुस्ती छापावी.

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
मुलुंड (पूर्व)

ता. क. : वन्सं चैत्रात परत येताहेत. या वेळी आम्ही रिक्षा करून फक्त कार्ल्याला जाणार आहोत. ब्राह्मी वाचणारे कुणी वाचक त्या सुमारास तिकडे असतील, तर आपल्यामार्फत कळवावं. डबा आमच्याकडून.