ताई, त्या खोडलेल्या शब्दासाठी

ताई,

तुम्हाला ती दुपार कदाचित आठवणारही नाही. स्लाइड्सचा डबा आणि वही छातीशी धरून मी तुमच्या लॅबच्या दारात उभी होते. चार महिने फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी काढायच्या, क्रोमोसोम पसरवायचे, टोकांवर टेलोमिअरचा (क्रोमोसोमच्या टोकाच्या डीएनएचा) प्रोब, म्हणजे जुळणारा डीएनए सापडला की तिथे चमकणारा तुकडा, लावायचा, एवढंच चाललं होतं. चमक एकदाही दिसली नाही. आमच्याकडे निदान ठरलेलं होतं: हिचा हात जड. एका सरांनी तर सगळ्यांसमोर "थिअरीचं काहीतरी घे" म्हणून सुचवलं. स्लाइड मात्र कुणीच पाहिली नव्हती.

तुम्ही पाहिल्यात. अकराच्या अकरा. चहावर साय धरली, तरी डोळा मायक्रोस्कोपवरून हलला नाही. मग म्हणालात, "पसरलेत की छान. प्रोब कुठला?"

माणसाचा. टीटीएजीजीजी, माणसाच्या टेलोमिअरमध्ये पुन्हा पुन्हा येणारी डीएनएची अक्षरं. टेलोमिअर म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते (आणि हात जड म्हणणारेही!). तुम्ही हसला नाहीत. माशीकडे टेलोमरेज, म्हणजे ही टोकं वाढवणारं एन्झाइम, नसतंच. तिची टोकं पिढीला 70-एक अक्षरांनी झिजतात, आणि हेट-ए, टार्ट, टाहरे हे उड्या मारणारे डीएनए आरएनएवरून आपली नवी प्रत टोकाला चिकटवून ती झीज भरून काढतात. हे सगळं तुम्ही माझ्याच वहीत चित्र काढून समजावलंत. टेलोमिअर हे नाव जनुकशास्त्रज्ञ मुलरने 1938 साली दिलं तेही याच माशीवर काम करताना, हे ऐकून मला हसू आलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

पण आभार त्यासाठी नाहीत; ते पुस्तकातही सापडलं असतं. निघताना तुम्ही वहीची मागची पानं चाळलीत. प्रत्येक तारखेपुढे मी लाल पेनाने "फसलं" लिहिलं होतं. तुम्ही पेन उघडून एकेक "फसलं" खोडलंत आणि शेजारी लिहिलंत, "सिग्नल नाही. बरोबर." अकरा वेळा. एकदा लिहून खाली खुणा केल्या असत्या तरी चाललं असतं, पण नाही. हुशार माणसं मला बरीच भेटली आहेत, ताई; दुसऱ्याच्या पोरीसाठी इतका वेळ काढणारं माणूस तेव्हा पहिलंच.

नंतर तुम्ही दिलेल्या हेट-एच्या प्रोबने टोकं चमकली, हे फोनवर सांगितलंच होतं. सांगायचं राहिलं ते हे: व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी वही उलटत विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मी तुमचं नाव सांगितलं.