हजारावरचा कर

सिडको, नाशिक
8 मार्च 2026

प्रिय सुधीर,

पत्र मिळालं. ‘सिगारेटवरचा कर वाढवला ते झकास झालं, अजून दुप्पट करायला हवा होता,’ हे वाचून हसू आलं. हे लिहिताना तुझं ते लांब सिगारेटचं पाकीट टेबलावरच असणार, पैजेवर सांगतो. तुझ्याशी भांडायला मला कधी कारण लागलं नाही, या वेळी मात्र आहे.

फुप्फुसांबद्दल माझा वाद नाही. भाव वाढला की हातावर पोट असलेला माणूसच आधी हात आखडतो, हेही मान्य. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, किरकोळ किमतीत 75 टक्के कर असावा. आपण अजून तिथे पोचलेलो नाही. मला खुपतं ते वेगळंच.

मी पगारपत्रकं करणारा माणूस, म्हणून आधी आकडे. 1 फेब्रुवारीपासून 40 टक्के जीएसटी आहेच, वर लांबीप्रमाणे हजार सिगारेटींमागे 2,050 ते 8,500 रुपये एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क. सगळ्यात आखूड सिगारेट घे. रोजच्या पाच धरल्या तर नुसत्या एक्साइजचे महिन्याला तीनशेच्या वर जातात. आमच्याकडे ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला पंधरा हजार मिळतात, म्हणजे शंभरातले दोन रुपये गेले. दीड लाख कमावणाऱ्यानं तीच सिगारेट ओढली तर शंभरातले वीस पैसे. लांबीवर कर आहे, खिशावर नाही.

आता अंबड एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर ये. लायटर सुतळीनं खांबाला बांधलेला. पहिली पाळी सुटली की पोरं पाकीट कधीच मागत नाहीत, सुटी एक मागतात, त्यातही दोघांत एक. अर्धी झाली की टोक दाबून विझवायची आणि थोटूक कानावर. महाराष्ट्रात 2020 पासून सुटी विकायला बंदी आहे, बरं का! सुटीचा भाव वरच्या रुपयाला जातो. सुट्टे नसले की हातावर गोळी ठेवतात. म्हणजे पाकीट परवडत नाही त्याला कांडी महाग पडते. आणि पाकिटावरचं ते 85 टक्के जागा अडवणारं कॅन्सरचं चित्र? ते त्याच्या हातात येतच नाही. टपरीवाला मात्र दिवसभर बघतो.

कर वाढल्यावर यातल्या काहींनी सोडली, खोटं कशाला बोलू. पण बरेच जण विडीवर नाही तर पुडीवर गेले. तसंही आपल्याकडे ओढणारे थोडे, मळणारे फार. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे वगैरे 24.4 टक्के. विडीची तर गंमतच. सिगारेटला 40 टक्के लावणाऱ्या त्याच जीएसटी परिषदेनं विडी 28 वरून 18 वर आणली. गरिबाची म्हणून! छातीला विडी काही सिगारेटपेक्षा हलकी नसते. ही कसली दया, मला कळत नाही.

सिन्नरच्या आमच्या आत्याचा वाडा आठवतो ना? ओसरीवर मांडीत सूप घेऊन बायका बसायच्या, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. त्या विड्यांवर पूर्वी एक छोटा कर होता, 1976 च्या कायद्यातला, पुढे हजारामागे पाच रुपये झालेला. तो विडी कामगारांच्याच दवाखान्यांसाठी, घरांसाठी, पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी. पाचच रुपये, पण कुठे जाणार ते ठरलेलं. 2017 ला जीएसटी आला आणि तो कर गेला.

माझं एवढंच म्हणणं आहे. घ्या कर, वाढवाही, विडीवरसुद्धा वाढवा. पण त्याच माणसाला सोडायला हात द्या. सिगारेटवर 2001 पासून राष्ट्रीय आपत्तीच्या नावाचाही कर आहे. भूकंप-पुरासाठी हा पोरगा पैसे भरतो आणि त्याच्या खोकल्याकडे बघायला कुणी नाही. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जायचं तर एक खाडा, खाड्याची मजुरी गेली. निकोटिनच्या गमची एक पट्टी विडीच्या कितीतरी बंडलांच्या भावाची. 1800-11-2356 हा फुकट सल्ल्याचा नंबर आहे, तो मी नोटीस बोर्डवर मोठ्या अक्षरात लावला. दुसऱ्या पाळीतल्या एकानं केला फोन. पंधरवडा झाला, टिकून आहे, चिडचिड मात्र अख्ख्या खात्याला सोसावी लागते.

म्हणून तुझ्याकडे काम. तुझ्या मेहुण्याचं औषधांचं होलसेल आहे. दोन मिलिग्रॅमच्या गमच्या पट्ट्या खरेदीच्या भावात मिळतील का, विचार. पन्नास घेईन. पैसे मी आणि सुपरवायझर मिळून घालतो, पुढचं कंपनीच्या गळ्यात मारायचं बघतो. एक पट्टी तुझ्यासाठी बाजूला ठेवतोय, रागावू नकोस.

वहिनींना नमस्कार. रामनवमीला येणार असशील तर आधी कळव, रस्ते सगळे कुंभाच्या कामांनी उकरलेत, स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
मिलिंद