काका, काटकोन बघायचा तुमचा गुण्या अजून माझ्याकडेच आहे

नमस्कार काका,

तुमच्याकडे साधा फोन, त्यामुळे हे तुमची नातच वाचून दाखवणार आणि तुम्ही मध्येच "पुरे गं" म्हणणार हे मला माहितीये. तरी शेवटपर्यंत ऐका. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नाशकात सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कंपनीत साचे आणि हत्यारं बनतात त्या खात्यात, आयुष्य काढलेल्या कुणी हे वाचून ओळखलंच तुम्हाला, तर ओळखू दे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी पाथर्डी फाट्याला आमच्या रो हाऊसच्या पार्किंगमध्ये गाडी बनवत होतो. मॉडिफाय नाही, अख्खी गाडी, पाईपापासून. लोटस सेव्हनसारखी, म्हणजे दोन सीट, छप्पर नाही, लांब नाक आणि पुढची चाकं उघडी. मूळ गाडी कॉलिन चॅपमनने १९५७ ला काढली, १९७३ ला तिचे हक्क कॅटरहॅमने घेतले, आणि जगभरात लोक घरच्या घरी तशाच गाड्या बनवत बसलेत. इंग्लंडात तेव्हा तयार गाडीवर टॅक्स लागायचा, सुट्या पार्टसच्या किटवर नाही, पण किटबरोबर गाडी जोडायच्या सूचना दिल्या तर टॅक्स लागणार. मग म्हणे चॅपमनने गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या, लोकांनी त्या उलट्या वाचायच्या. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवून हसला होतात. "सरकारला टोपी घातली की रे त्याने!" माझ्या गाडीत तुम्हाला पहिल्यांदा इंटरेस्ट आला तो तेव्हा, असं मला वाटतं.

त्याआधी मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बनवायला टाकून बसलो होतो. ॲडव्हान्स घेतला, चार महिने फिरवलं, आणि हातात जे आलं ते टेम्पोत घालून मी तुमच्या दारात आणलं, फक्त बघून सांगा म्हणून. तुम्ही चष्मा लावला, एका जॉइंटवर ग्राइंडर फिरवला आणि म्हणालात, "वरून माळ घातल्यासारखं दिसतंय, आत काही धरलेलंच नाही." शिवाय पाईप जीआयचे, जस्ताचा थर न काढता तसेच जोडलेले. तो धूर तब्येतीला किती वाईट हेही तुमच्याकडूनच कळलं. भंगारात किलोवर गेली ती चेसिस.

मला वाटलं आता काका करून देतील. तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, बसणार तू, तर जोडणार पण तूच. आणि मास्क माझ्या डोक्यावर ठेवला.

तो महिना मी विसरणार नाही. २५ बाय २५ चा, सोळा गेजचा काळा चौकोनी पाईप, त्याचे वीत वीत तुकडे, रोज संध्याकाळी कामावरून आलो की दोन तुकडे सीओटू वेल्डिंगने जोडायचे, व्हाइसमध्ये धरायचे आणि घण घालायचा. वेल्ड सुटला तर परत. पाईप फाटला पण वेल्ड तसाच राहिला तर पास. कधी तुम्ही आरीने मधोमध कापून दाखवायचात, हे बघ इथे वितळलंय, इथे नुसतं बसलंय. सोळा गेज म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरासा वर, करंट वाढवला की भोक आणि कमी केला की माळ. किती तुकडे वाया गेले मोजले नाहीत, बायकोने मोजले असतील.

मग टेबल. मला घाई चेसिसची आणि तुम्ही दोन रविवार नुसतं टेबल लेव्हल करण्यात घालवलेत, तेही पाण्याच्या नळीने. कर्ण मोजायचे, दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय पुढे नाही. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे, मग एक जॉइंट इकडचा तर पुढचा समोरच्या बाजूचा, एका जागी बसून भरत सुटायचं नाही, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईपाला आपल्याकडे ओढतो. शेवटी टेबलावरून सोडवली आणि आपण दोघांनी दोन टोकांना धरून सहज उचलली, तुम्ही या वयात, तेव्हा मला कळलं की तिरप्या पाईपांच्या त्रिकोणात किती दम असतो.

इंजिन जिप्सीचं, १२९८ सीसीचं. त्याचं कारण सोपंय, मारुतीत उभं बसणारं आणि मागच्या चाकांना ताकद देणारं इंजिन शोधायला गेलं तर पर्याय मोजकेच. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, तो काढून सरळ शाफ्ट मागे नेला. आणि तो डबा हाय गिअरमध्ये पण फिरण्याचा वेग आणखी कमी करतो ना, तो गेला की सगळे गिअर लांब होतात, हलक्या गाडीला ते बरंच. स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दात्यांची पट्टी, मारुती ८०० ची. ती मी पहिल्यांदा एक इंच वर लावली होती आणि चाक वर उचललं की ते आपोआप वळायचं! तुम्ही रॅकला हात लावला नाहीत, फक्त रॅकचा दांडा आणि चाकाला चेसिसशी जोडणारा विशबोन दाखवून विचारलंत, "हा दांडा आणि हा विशबोन, दोघांची आतली बिजागरं एका रेषेत का नाहीत?"

आता खरं जे लिहायचं होतं ते.

मागचा अक्सल बसवला होता. जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पॅड कापले, अक्सल धरणाऱ्या लिंकांचे ब्रॅकेट मारले, प्रायमर मारला, मी खुश. तुम्ही आलात, खिशातून दोरा आणि ओळंबा काढलात, चारही चाकांच्या मध्यातून जमिनीवर खुणा केल्यात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. नऊ मिलिमीटर. एका बाजूला अक्सल नऊ मिलिमीटर पुढे. मी म्हटलं काका नऊ मिलिमीटरने काय होतंय, तर म्हणालात, "कुत्रं तिरकं पळतं ना, तशी पळेल. ट्रॅकवर ब्रेक मारशील तेव्हा आठवेल." आणि मी चिडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. तुमच्या कंपनीचा आणि तुमच्या रिटायरमेंटचा विषय काढायची काहीच गरज नव्हती.

दोन आठवडे मी फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी गेट वाजलं, बघतो तर तुम्ही, स्कूटरच्या हँडलला पिशवी, पिशवीत चार ब्रॅकेट, कापलेले, होलं मारलेले, कडा घासलेल्या, आणि बारा एमएमचे नवे बोल्ट कारण माझ्या डब्यातल्या बोल्टांच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ हा आकडा लिहिलेला नव्हता हे तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं. भांडणाबद्दल एक शब्द नाही. "ग्राइंडर कुठंय भो?" एवढंच. मी त्या दिवशी सॉरी म्हणायला हवं होतं, मी चहा टाकायला आत गेलो.

तर सॉरी काका. आणि थँक्यू. तोंडावर जमलं नाही म्हणून इथे.

लोक विचारतात गाडीला नंबर कधी मिळणार. इंग्लंडात घरी बनवलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर सोडायची सोय आहे, आपल्याकडे मॉडेलला गाड्या तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते, आमच्या पार्किंगला कोण देणार ती. म्हणून रस्त्यावर नाही, ट्रेलरवरूनच. तरी तुम्ही हट्टाने इंडिकेटर, हॉर्न, मडगार्ड, हँडब्रेक सगळं लावायला लावलंत, "नियम उद्या बदलला तर गाडी तयार पाहिजे." तुमचा आशावाद!

पहिल्यांदा चालवली ती पिंपळगावला मित्राच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या आवारात, सीझन संपल्यावर, क्रेटच्या थप्प्या बाजूला करून. तुम्ही हेल्मेट न घालता शेजारी बसायला निघालात, ते मी होऊ दिलं नाही, एवढं एक तुमच्यावर चाललं माझं. मोकळ्या आवारात जोर लावून ब्रेक मारला आणि स्टिअरिंग सोडून दिलं. सरळ थांबली. मी आरशात बघितलं तर तुम्ही टायरच्या खुणांपाशी वाकून दोरा लावत होतात.

पावसाळा संपला की कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर गाडी न्यायचा विचार आहे, ट्रेलरचं बघतोय. तुमचं तिकीट मी काढतो, ट्रकमध्ये बसून येणार म्हणालात तर काकूंना सांगेन.

गुण्या माझ्याकडेच आहे. मागितलात तरी लगेच देणार नाही, पुढच्या नाकाचा पत्रा अजून कापायचाय. रविवारी येतो, मिसळ माझ्याकडून.

तुमचा,
पार्किंगवाला