आईचा रक्तगट

सांगली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बोट टोचून रक्तगट काढला, त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर मी तुला काय म्हणालो होतो, आठवतं? माझा एबी, बाबांचा ए, आणि आईच्या कार्डावर ओ. ओ गटाच्या बाईला एबी मूल होत नाही, हे आपण नुकतंच शिकलो होतो. मी दत्तक असणार, असं तुला सांगितलं. नंतर तीस वर्षं कोणाजवळ बोललो नाही.

सुहास, मी तिचाच आहे रे.

गेल्या महिन्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, पण ओची एकही पिशवी क्रॉसमॅचला जुळेना. रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की आई ओ नाहीच, बॉम्बे गटाची आहे. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडलेला गट. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. तांबड्या पेशींवरच्या प्रथिनांना साखरेच्या साखळ्या असतात. 19व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी1 या जनुकापासून एक एन्झाइम बनतं. ते साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही साखर जोडतं, की झाला एच नावाचा घटक. ए आणि बीची एन्झाइमं आपापली साखर जोडतात ती या एचवरच. ओ गटात नुसता एच उरतो. आईला दोन्हीकडून एफयूटी1 बिघडलेलंच मिळालं, म्हणून तिच्या पेशींवर एचच नाही. बीचं जनुक तिच्यात जन्मापासून होतं, पण त्याची साखर जोडायला जागाच नव्हती. माझ्यात बाबांचं धड एफयूटी1 आलं, आणि आईचा बी माझ्या रक्तात दिसला! तो कागद मी पाकिटात जपून ठेवलाय.

एच नसल्यामुळे तिच्या रक्तात एचविरुद्ध अँटीबॉडी आहेत, म्हणून ओचं रक्तही तिला घातक. भावंडांत हा गट निघण्याची शक्यता चारात एक, म्हणून धाकट्या मामाला बोलावलं. तो निघाला! एक पिशवी त्याने दिली, दुसरी मुंबईहून आली. त्या दोन दिवसांत मी काय झालो होतो, ते भेटल्यावरच सांगेन.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा मी नुसता तिच्याकडे बघत होतो. "काय बघतोस रे असा?" म्हणाली. मला बोलता आलं नाही.

दिवाळीत नक्की ये. आता वॉकर घेऊन ती अंगणापर्यंत जाते आणि तुझी चौकशी करते.

तुझा,
अविनाश